डाव्या हाताची करंगळी

बसथांब्यासमोरच्या औषधाच्या दुकानात तीस वर्षं काउंटरमागे उभ्या असलेल्या माणसाला सगळा रस्ता 'अर्धे डॉक्टर' म्हणायचा. डॉक्टर व्हायचं त्याच्या मनातही कधी आलं नव्हतं. चिठ्ठीवरचं गिचमिड अक्षर लावायचं, खणातून नेमकं औषध काढायचं, दहाच्या पट्टीतून चार गोळ्या कापून देताना मुदतीच्या तारखेचा कोपरा आपल्याकडे ठेवायचा, एवढ्यावर तो खूश होता. पण गिऱ्हाईक पाठमोरं झालं की तो एक वाक्य न चुकता मागून सोडायचा. "बरं नाही वाटलं तर दाखवून घ्या. अंगावर काढू नका." या वाक्यापायी त्याला ती अर्धी पदवी चिकटली. थांब्यावरची माणसं कोणाला साधी शिंक आली तरी त्याची नक्कल करत, आणि तोही काचेआडून हसून घ्यायचा.

दुकानाच्या वर दोन खोल्या होत्या. तिथे तो आणि त्याची थोरली बहीण राहायचे. तो एकोणीस वर्षांचा असताना आई गेली, वडील त्याआधीच गेलेले. ताई तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. तिने शिलाई मशीन खिडकीशी ओढलं आणि लोकांचे कपडे उसवून, आखूड करून, सैल करून धाकट्याचं शिक्षण पुरं केलं. त्यात तिचं लग्न राहून गेलं. पुढे त्याचंही जमलं नाही. आता ती बासष्ट वर्षांची होती आणि अजून हाताने टीप घालताना दोऱ्याचा एक वेढा डाव्या करंगळीला देऊन तो ताणून धरायची. आईही तसाच धरायची.

सकाळचा पेपर तो दुकानासाठी वाचायचा. आरोग्याच्या पानावर जे छापून येईल ते दहा वाजेपर्यंत काउंटरवर मागायला येणार, हे त्याला पाठ झालं होतं. कॉफीने आयुष्य वाढतं असं छापून आलं की पोस्टातले कारकून मुद्दाम थांबून सांगायचे, "बघा, मी म्हणत नव्हतो?" महिन्याभराने कॉफीने हृदय बिघडतं असं आलं की तेच कारकून असे तणतणत यायचे, जशी काही ती कॉफी यानेच पाजली होती. कुठे उंदरांना एखादी गोळी लागू पडली की इथे त्या गोळीसाठी रांग. "अहो, अजून उंदरांपुरतीच आहे," असं सांगितलं तर एक बाई म्हणाल्या होत्या, "मग मला निदान अर्धी द्या."

त्या मंगळवारी आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती. एका नव्या आजाराचे काही रुग्ण सापडले आहेत, दोघे दगावले आहेत, लक्षणं अजून निश्चित झालेली नाहीत, तज्ज्ञ अभ्यास करत आहेत. वाईट बातमी लोक कशीबशी पचवतात. लक्षणं निश्चित नाहीत, हे मात्र कोणाच्या घशाखाली उतरेना. नऊ वाजल्यापासून जो तो काउंटरवर वाकून हळू आवाजात तेच विचारत होता. कोणी खोकून दाखवलं, कोणी जीभ. एकाने तर गेल्या वर्षी पायाला आलेली सूज पुन्हा येणार का, असं विचारलं. बाराच्या सुमारास निवृत्त मास्तर आले. हे रोज रक्तदाबाची एक गोळी घ्यायला येत, पट्टी घेत नसत, म्हणजे रोज यायला निमित्त राहतं.

"लपवतायत," मास्तर म्हणाले.

"कोण लपवतंय?"

"ते तुम्हाला ठाऊक. तुम्ही आतले आहात."

"मी कसला आतला, मास्तर? मी काउंटरच्या आतला."

"लक्षण एक तरी असेलच. एक सांगा, मी जातो."

अर्ध्या डॉक्टरांचे पाय दुखत होते, पोटात कावळे ओरडत होते आणि मास्तर हलायचं नाव घेत नव्हते. तो त्यांच्या डोळ्यांत बघून अगदी गंभीरपणे म्हणाला, "डाव्या हाताची करंगळी गार पडते. बाकी काही नाही."

मास्तर हसतील अशी त्याची अपेक्षा होती. मास्तरांनी खिशातून पेन काढलं, गोळीच्या पाकिटावर ते लिहून घेतलं आणि मान डोलावून निघून गेले. करंगळीच का, डावीच का, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. जिभेवर आलं ते बोलला. पहिल्यांदाच मागून ते वाक्य टाकायचं राहिलं, हे त्याला शटर ओढताना आठवलं.

दुसऱ्या दिवशी कोणी विशेष आलं नाही. तिसऱ्या दिवशी बसच्या कंडक्टर बाई आल्या. त्यांच्या डाव्या हातात लोकरीचा हातमोजा होता, उजवा हात उघडा. त्यांनी थर्मामीटर मागितला आणि तिथेच डाव्या मुठीत करंगळीला लावून धरला. संध्याकाळपर्यंत दुकानातले सगळे थर्मामीटर संपले. गरम पाण्याच्या पिशव्या संपल्या. लोक हातमोज्यांचे जोड नेत आणि उजवा मोजा काउंटरवर तसाच ठेवून जात. त्याने ते उजवे मोजे एका खोक्यात भरले. खोकं भरलं तसं त्याला त्याकडे बघवेना, म्हणून ते त्याने वरच्या फळीवर ढकललं.

आता गंमत ओसरली होती. त्याने एकदोघांना सांगून पाहिलं की असं काही नसतं. ते मान हलवत, हो हो म्हणत आणि निघताना डाव्या हाताची मूठ खिशात घालत.

रविवारी सकाळी त्याने शटर वर केलं आणि समोर थांब्याकडे पाहिलं. रांगेत वीस-बावीस माणसं होती. प्रत्येकाने आपली डावी करंगळी उजव्या मुठीत धरली होती. कोणी बोलत नव्हतं. एरवी हीच माणसं बस उशिरा आली म्हणून, लवकर आली म्हणून, आलीच नाही म्हणून भांडायची. बस आली तेव्हा एकेक जण मूठ न सोडता, खांद्याने दांडीचा आधार घेत चढला. आपण एक फुंकर मारली आणि सगळा रस्ता विझला, असं त्याला वाटलं.

सोमवारी कंडक्टर बाई पुन्हा आल्या आणि काचेवर वाकल्या.

"पुढचं कळलं का?" त्यांनी विचारलं.

"पुढचं कसलं?"

"करंगळी गार पडते ते पहिलं लक्षण. शेवटी माणूस खिडकी उघडायला सांगतो. खाली कोण उभं आहे बघ, म्हणतो. तसं म्हणाला की संपलं."

त्याच्या हातातली कात्री काचेवर पडली. "हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सगळेच सांगतायत," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडूनच निघालंय म्हणे."

त्याच्याकडून ते निघालं नव्हतं, कारण ते त्याने कधी कोणाला सांगितलंच नव्हतं. पस्तीस वर्षांपूर्वी वरच्या खोलीत आई गेली, त्या सकाळी ताई पाणी आणायला आत गेली होती आणि तो एकटाच आईचा डावा हात धरून बसला होता. हाताला ऊब होती. करंगळी तेवढी गार होती. आई म्हणाली, "खिडकी उघड. खाली कोण उभं आहे बघ." त्याने खिडकी उघडली. थांबा रिकामा होता. "कोणी नाही गं आई," असं म्हणून तो वळला तोवर ती गेली होती.

म्हणजे करंगळी कुठून जिभेवर आली होती ते त्याला आता कळलं. ती थाप नव्हती, आठवण होती. पण खिडकीचं तो बोलला नव्हता. मास्तरांशी नाही, झोपेतही नाही, कारण झोपेत ऐकायला त्याच्या खोलीत कोणी नव्हतं. त्या दिवशी त्याने तीन गिऱ्हाइकांना चुकीची औषधं दिली आणि तिघांच्याही मागे धावत जाऊन ती परत घेतली.

बुधवारी दुपारी तो जेवायला वर गेला. दीड ते तीन दुकान बंद असायचं. ताईने ताटं मांडली, समोर बसली आणि डावा हात टेबलावरून त्याच्यापुढे केला.

"धाकट्या, बघ रे जरा. हे बोट गार लागतंय का?"

त्याने हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. "तू पण?" तो म्हणाला. "अगं ताई, रस्ताभर तेच चाललंय. निदान घरात तरी नको."

"मागच्या सोमवारपासून आहे. दोरा धरवत नाही. जिने चढताना खांदाही भरून येतो."

"मशीनवर कमी बस मग."

ताईने हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. तीस वर्षं ज्या तोंडून येणाऱ्याजाणाऱ्याला 'दाखवून घ्या' निघत होतं, त्याच तोंडाने सख्ख्या बहिणीला मशीनवर कमी बसायला सांगितलं. खरं तर हा सगळा माझाच उपद्व्याप आहे, असं तिला सांगावं म्हणून तो दोनदा थांबला. पण पोरपणी थाप मारली की ताई रागवायची नाही, नुसती बघत राहायची, आणि ते बघणं चौपन्नाव्या वर्षीही त्याला झेपलं नसतं. तो जेवून खाली गेला.

गुरुवारी पेपरात आरोग्य खात्याचा खुलासा आला. नव्या आजाराचा करंगळीशी काहीही संबंध नाही, नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये. त्याचा जीव भांड्यात पडला. तो पेपर त्याने काचेवर चिकटवला. दहा वाजता दुकानापुढे ही गर्दी जमली, आणि सगळे तो खुलासा बोट ठेवून, शब्द शब्द वाचत होते.

"करंगळीचं नाव घेतलंय," कोणीतरी हळूच म्हणालं. "आम्ही तर त्यांना करंगळी म्हणालो नव्हतो."

"नाही म्हणतायत, म्हणजे असणारच," मास्तर म्हणाले.

तेव्हा मात्र त्याच्याने राहवलं नाही. वरच्या फळीवरचं औषध काढायचं स्टूल त्याने बाहेर ओढलं आणि त्यावर चढला. "ऐका," तो म्हणाला. "ही थाप माझी आहे. मी मारली. मास्तर डोकं खात होते म्हणून तोंडाला येईल ते बोललो. करंगळीबिरंगळी काही नाही."

एका बाईने मऊ आवाजात विचारलं, "कोणी दम दिला का हो तुम्हाला?"

"कोणी नाही. मास्तर, तुम्हीच सांगा. मंगळवारी बारा वाजता मी तुम्हाला सांगितलं की नाही?"

"सांगितलंत," मास्तर म्हणाले. "पण मला माझ्या मेहुण्याने आदल्या रविवारीच सांगितलं होतं. मी तुमच्याकडे फक्त खात्री करायला आलो होतो."

लोक पांगले. जाताना दोघातिघांनी त्याच्या पाठीवर थोपटलं, घरातल्या आजाऱ्याला थोपटतात तसं. तो खाली उतरला तेव्हा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ताई उभी होती. तिने बाहेर जायची चप्पल घातली होती आणि खांद्याला पिशवी होती. त्यात तिच्या जुन्या तपासण्यांचे कागद होते.

"कुठे निघालीस?"

"डॉक्टरांकडे. म्हटलं दाखवून यावं एकदा." ती त्याच्याकडे बघत होती. "खरंच तुझी थाप होती?"

"हो गं. तुझी शपथ."

ताईने बघितलं, पण नेहमीसारखं नाही. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला आणि ती चक्क हसली. "एवढा घोडा झालास तरी अक्कल आली नाही. आठ दिवस मी घाबरून बसले होते रे. म्हटलं आता आपलं भरलं." तिने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "मग मी कशाला जाते तिथे रांगेत बसायला. दोन पडद्यांचं काम पडलंय." आणि ती वर गेली. जिना चढताना मधल्या वळणावर ती थोडा वेळ थांबली, ते त्याने ऐकलं. साऱ्या रस्त्यात एका तरी माणसाने आपलं खरं मानलं, याचंच त्याला बरं वाटत होतं.

शुक्रवारी दीड वाजता तो वर गेला तर ताटं मांडलेली नव्हती. ताई खिडकीशी पलंगावर टेकून बसली होती. मांडीवर पडदा, कपाळावर घाम. दोऱ्याचा वेढा करंगळीला तसाच होता आणि सुई त्याच करंगळीच्या टोकात रुतली होती. रक्ताचा एक थेंब पडद्यावर पडून वाळला होता. तिला पत्ता नव्हता.

त्याने सुई काढली. हात हातात घेतला. तळवा कोमट होता, करंगळी गार होती. ती खिडकी, ते बोट, सगळं तेच. त्याने फोन केला. कोपऱ्यावरचे डॉक्टर लगेच निघतो म्हणाले, दवाखान्याची गाडीही पाठवतो म्हणाले. तो परत येऊन तिच्याजवळ बसला आणि दोन्ही हातांनी ते एक बोट चोळू लागला.

"ताई, बोलू नकोस. डॉक्टर येतायत."

"खिडकी उघड रे," ताई म्हणाली.

तो जागचा हलला नाही. हे वाक्य तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं, किंवा आत्तापर्यंत सगळ्या रस्त्यालाच ते ठाऊक होतं. तो मनातल्या मनात म्हणत होता, पुढचं बोलू नकोस, पुढचं बोलू नकोस.

"खाली कोण उभं आहे बघ."

तो उठला. पस्तीस वर्षांपूर्वी थांबा रिकामा होता, तसा तो आताही असावा, एवढंच त्याला हवं होतं. त्याने खिडकी उघडली.

थांब्यावर भरदुपारची रांग होती, आणि रांगेतल्या प्रत्येकाचं तोंड वर होतं. मास्तर, कंडक्टर बाई, पोस्टातले कारकून, रोजची सगळी ओळखीची माणसं. डावी करंगळी उजव्या मुठीत धरून ती या खिडकीकडे बघत होती. बस आली, थांबली, कोणी चढलं नाही, बस गेली. कोणी त्याला हाक मारली नाही. ती नुसती वाट बघत होती, आणि कशाची ते त्याला कळत होतं. त्याने खिडकी लावून घेतली.

"कोणी नाही गं ताई," तो म्हणाला.

ताईचे डोळे मिटलेले होते. तिच्या ओठांच्या कडेला जरा हसू आलं. "थाप मारतोस," ती म्हणाली.

त्यानंतर ती बोलली नाही. दिवे लागायच्या आत, दवाखान्यात, ती गेली. डॉक्टर बाहेर येऊन त्याच्या शेजारी बाकावर बसले. हृदयाचं दुखणं होतं, ते म्हणाले. खांदा भरून येणं, बोट बधिर होणं, हे निदान आठवडाभर चालू असणार. काल आणलं असतं तर बरंच काही करता आलं असतं. "अंगावर काढलं हो त्यांनी," डॉक्टर हळहळून म्हणाले.

तो त्या बाकावर बसून दिवस मोजत राहिला. मास्तरांना त्याने मंगळवारी सांगितलं होतं. ताईचं बोट सोमवारपासून गार होतं. त्याने पुन्हा मोजलं, बोटांवर मोजलं, तरी सोमवार मंगळवारच्या आधीच येत होता. म्हणजे त्याने जे सांगितलं ते खोटं नव्हतं, आणि आयुष्यात एकदाच स्टूलावर चढून जे खरं म्हणून सांगितलं त्यानेच ताई गेली. हे कोणाला सांगायचं? ऐकून घ्यायला जी एकटी होती, तीच नव्हती.

पुढच्या आठवड्यात पेपरात दोन ओळी आल्या. नव्या आजाराचे म्हणून नोंदवलेले रुग्ण साध्याच तापाचे निघाले, प्रकरण मिटलं. ते कोणी वाचल्याचं दिसलं नाही.

त्याने दुकान उघडलं त्या सकाळी मास्तर पहिले आले. त्यांनी गोळी मागितली नाही. टोपी काढली आणि काचेवर वाकून अगदी हलक्या आवाजात विचारलं, "त्यांनी खिडकी उघडायला सांगितली होती का हो?"

मास्तरांच्या मागे रांग लागली होती, दुकानाच्या पायरीपासून थांब्यापर्यंत. मास्तरांनी बाही मागे सारली आणि डावा हात काउंटरवरून त्याच्यापुढे केला. टेबलावरून ताईने केला होता, तसाच.

त्याने तो हात घेतला. करंगळी दोन्ही तळव्यांत धरली, डोळे मिटले, आणि बराच वेळ धरून ठेवली. मग पुढचा हात. मग त्याच्या पुढचा. तेव्हापासून रोज सकाळी हे चालतं. पुढे आलेल्या हाताला तो आता नाही म्हणत नाही. त्या दिवसापासून त्याला प्रत्येकाचीच करंगळी गार लागते, ती बोटंच गार आहेत की त्याचे स्वतःचे हात, ते त्याला ठरवता येत नाही. लोक विचारतात, "गार आहे का हो?"

"दाखवून घ्या," तो म्हणतो. "अंगावर काढू नका."

आता त्याची नक्कल कोणी करत नाही.